बॅटरी उतरते तेव्हा

मराठीत उतरणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. ताप उतरतो, नशा उतरते, पूर उतरतो, निकालाच्या दिवशी पोराचा चेहरा उतरतो. गेल्या शतकात या यादीत आणखी एक भर पडली. मोटारीची बॅटरी उतरू लागली. आमच्या बेळगावात मिस्त्री कानडी असला तर ‘ब्याटरी डौन आगेती’ म्हणतो, मराठी असला तर ‘बॅटरी उतरली’ म्हणतो, आणि गिऱ्हाईक कुठल्या भाषेचे आहे याचा अंदाज येईपर्यंत दोघेही नुसतेच ‘खल्लास’ म्हणून मोकळे होतात.

इंग्रजीत मात्र बॅटरी मेली असेही म्हणतात. मला आपला शब्द अधिक शहाणा वाटतो. उतरलेले पुन्हा चढू शकते, मेलेले उठत नाही. बॅटरीच्या बाबतीत या दोन खरोखरच निराळ्या अवस्था आहेत. ती आयुष्यात अनेकदा उतरते आणि एके दिवशी मरते. उतरण्याचा इतिहास मोठा मजेदार आहे. मरण्याचा तसा नाही, आणि तो अजून संपलेलाही नाही.

आधी उतरण्याविषयी. रात्री गाडीच्या आतला दिवा चालू राहिलेला असतो, किंवा घरची मंडळी पंधरा दिवस गावाला गेलेली असतात. सकाळी किल्ली फिरवली की ‘टक्’ असा एक आवाज होतो आणि पुढे काही नाही. हा ‘टक्’ सोलेनॉईडचा. स्टार्टरकडे जाणारा प्रवाह जोडणारा तो लोखंडी दट्ट्या जागचा हलवण्यापुरता जीव बॅटरीत उरलेला असतो, इंजिन फिरवण्यापुरता नसतो. पुढच्या दिव्यांना दहाएक अँपिअर पुरतात. स्टार्टरला त्या दोन-चार सेकंदांत शंभर-दीडशे, कधी त्याहूनही अधिक लागतात. म्हणून हॉर्न वाजतो, दिवा पिवळट का होईना लागतो, पण गाडी सुरू होत नाही, आणि नवखा मालक बॅटरी ठणठणीत आहे असे समजून स्टार्टरवर खापर फोडतो.

आत काय झालेले असते? बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा खण असतात. प्रत्येक खणात दोन प्रकारच्या प्लेटा. एकीवर स्पंजासारखे सच्छिद्र शिसे, दुसरीवर तपकिरी रंगाचा लेड डायॉक्साईड, आणि दोहोंमध्ये पाणी घातलेले गंधकाम्ल. वीज देताना दोन्ही प्लेटांवर एकच पदार्थ साचत जातो, लेड सल्फेट, आणि इकडे ॲसिडचे हळूहळू पाणी होत जाते. दोन प्लेटा एकमेकींहून वेगळ्या आहेत तोवरच वीज. दोघी सारख्या झाल्या की संपले. भरलेल्या बॅटरीत ॲसिडचे विशिष्ट गुरुत्व १.२८ च्या आसपास असते, पार उतरलेल्या बॅटरीत ते १.१२ च्या घरात येते. काचेच्या नळीतला तरंगता काटा बुडालेला पाहून मिस्त्री ‘ग्रॅव्हिटी गेली’ म्हणतो तेव्हा तो पदार्थविज्ञानाचे पूर्ण सत्य सांगत असतो. मी जन्मभर कॉलेजात हा विषय शिकवला, पण विशिष्ट गुरुत्व म्हणजे काय हे माझ्या वर्गापेक्षा बॅटरीच्या दुकानात लवकर कळते असे माझे मत आहे.

उलट दिशेने वीज सोडली की सल्फेट विरघळून प्लेटा पुन्हा पूर्वीसारख्या होतात. ही उलटापालट प्रथम साधली ती गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १८५९ साली. शिशाचे दोन पत्रे घेऊन, मध्ये कापडाच्या पट्ट्या ठेवून, त्याने त्यांची सुरळी केली आणि ती सौम्य गंधकाम्लात उभी केली. पुढच्याच वर्षी असे नऊ घट जोडून त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. या घटात एक वेगळाच गुण होता. तो पुन्हा पुन्हा भरावा, पुन्हा पुन्हा रिकामा करावा, तसतसा त्याचा कस वाढत जाई. तालमीत अंग कमावावे तसे ते शिसे कमावले जाई, पण त्याला महिने लागत. शिवाय घट भरायला वीज आणायची कुठून? कामाचा डायनॅमो बाजारात यायला आणखी दहा-बारा वर्षे होती. साठवण्याचा हंडा आधी तयार झाला, नळ नंतर आला.

ही तालीम वाचवली कामिय फोर याने, १८८१ च्या सुमारास. त्याने शिशाच्या पत्र्यावर तयार लेपच थापला. हा लेप कशाचा? गंधकाम्लात कालवलेल्या शेंदराचा. होय, गावच्या मारुतीला फासतात तोच शेंदूर. शेंदूर म्हणजे शिशाचा तांबडा ऑक्साईड. मुर्दाडशिंग म्हणून जी वस्तू जुन्या मलमांत घालीत, तोही शिशाचाच पिवळा ऑक्साईड. आपल्या रसशास्त्राने शिशाला नाव दिले ‘नाग’. हे नाव ठेवणाऱ्याला धातूचे गुणदोष दोन्ही ठाऊक असावेत असे वाटते. फोरचे घट लाकडी पेटीत घालून पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम टॉमसन यांच्याकडे, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनकडे, पाठवले गेले तेव्हा पेटीत भरून आणलेल्या विजेचे इंग्लंडात केवढे कौतुक झाले! आज ती पेटी प्रत्येक मोटारीच्या बॉनेटखाली बसलेली आहे आणि उतरली की आपण तिला शिव्या देतो.

पण ही पेटी मोटारीत आली ती गाडी सुरू करायला नव्हे, गाडी चालवायला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेची मोटार ही काही अद्भुत गोष्ट राहिली नव्हती. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामिय झेनात्झी या बेल्जियन गड्याने शिशाच्या बॅटऱ्यांवर चालणारी तोफगोळ्यासारखी गाडी तासाला १०५ किलोमीटरच्या वर पळवली. रस्त्यावरच्या वाहनांत शंभराचा वेग ओलांडणारे पहिले ते. १९०० साली अमेरिकेत चार हजारांवर मोटारी तयार झाल्या. त्यांत सर्वाधिक वाफेच्या, त्याखालोखाल विजेच्या, आणि पेट्रोलच्या सर्वांत कमी, हजाराच्याही आत. विजेच्या गाडीला आवाज नाही, धूर नाही, गिअर नाही. हेन्री फोर्डने जगाला पेट्रोलच्या गाडीचे वेड लावले, पण त्याची बायको क्लारा स्वतः डेट्रॉईट इलेक्ट्रिक नावाची विजेची गाडी वापरी. घरचा वैद्य आणि बाहेरचे औषध, असाच तो प्रकार.

पेट्रोलच्या गाडीची सगळ्यात मोठी अडचण होती ती सुरू करण्याची. पुढच्या बंपरखाली हँडल घालून ते गरकन फिरवावे लागे. यात नुसत्या ताकदीचे काम नव्हते. ठिणगी वेळेच्या आधी पडली तर इंजिन उलटे लाथ मारी आणि हँडल हातातून सुटून मनगट फोडी. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीला डॉक्टर आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, ते त्यामुळेच. आपल्याकडे ॲम्बॅसेडर, फियाट किंवा जीप ज्यांनी हाताळली आहे त्यांना ड्रायव्हरने दिलेला पहिला धडा आठवत असेल: अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही, आणि हँडल खाली दाबायचे नाही, वर ओढायचे. उलट फिरले तर हात मोकळा सुटला पाहिजे.

अमेरिकेत अशी कथा सांगितली जाते की, बायरन कार्टर नावाचा मोटार-उत्पादक एका बाईची बंद पडलेली गाडी सुरू करून देताना हँडल लागून जबर जखमी झाला आणि त्यातच गेला, आणि त्या दुःखाने कॅडिलॅक कंपनीच्या हेन्री लेलंड यांनी विजेचा स्टार्टर करवून घेतला. कथेतले धागेदोरे इतिहासकारांनी बरेच उसवले आहेत. पण लेलंडनी हे काम दिले आणि ते चार्ल्स केटरिंगने पुरे केले, यात शंका नाही.

हा केटरिंग लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे. ओहायोतल्या शेतकऱ्याचा मुलगा, दृष्टी अधू, काही काळ शाळामास्तर. डेटनच्या कॅश रजिस्टरच्या कारखान्यात असताना त्याने गल्ल्याच्या यंत्राला विजेची छोटी मोटर बसवली होती. तेव्हाच त्याला एक गोष्ट कळून चुकली. दिवसभर चालणारी मोटर वेगळी आणि क्षणभर चालणारी वेगळी. क्षणभरच राबायचे असेल तर लहानशा मोटरवर तिच्या कुवतीच्या कितीतरी पट भार टाकता येतो. ती तापून जळायच्या आत काम होऊन गेलेले असते. मोठमोठे इंजिनिअर हिशेब करून सांगत होते की इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल. केटरिंगने गल्ला उघडणाऱ्या मोटरचा न्याय लावला. स्टार्टर, डायनॅमो, बॅटरी, दिवे आणि ठिणगी यांची एकत्र जुळणी असलेली कॅडिलॅक १९१२ चे मॉडेल म्हणून बाजारात आली. फोर्डच्या मॉडेल टीला स्टार्टर मिळायला मात्र १९१९ उजाडले.

याचा परिणाम काय झाला? विजेच्या मोटारीचा जो एक मोठा गुण होता, बटण दाबताच निघण्याचा, तो पेट्रोलच्या मोटारीला फुकट मिळाला. रस्ते लांबत गेले, पेट्रोल स्वस्त होत गेले, आणि विजेच्या गाड्या दोन दशकांत नाहीशा झाल्या. बॅटरीने आपल्याच जातीच्या गाडीचा पराभव केला आणि परक्याच्या घरी दारवानाची नोकरी धरली. तेव्हापासून तिचे काम एकच: दार उघडून द्यायचे आणि मग धन्याचे इंजिन चालू असेपर्यंत डायनॅमोकडून दाणापाणी घेत बसायचे.

आपल्याकडे हा दारवान आला तरी बरीच वर्षे त्याच्यावर पूर्ण भरवसा कुणी ठेवला नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. तिकडे उत्तरपाड्याहून ॲम्बॅसेडर येऊ लागली. दोन्ही गाड्यांच्या डिकीत जॅकशेजारी हँडल असायचे. शिवाय जुन्या गाडीत डायनॅमो असे, आजच्यासारखा आल्टरनेटर नसे. डायनॅमो सावकाश फिरला की चार्ज करीत नाही. गावात, बाजारपेठेत, लेव्हल क्रॉसिंगला रेंगाळणारी गाडी बॅटरीतून काढीतच राही, घालीत नसे. त्यामुळे रोज चार गल्ल्यांत फिरणाऱ्या डॉक्टरची बॅटरी उतरे आणि महिन्यातून एकदा आंबोलीच्या घाटाने सावंतवाडीला जाणाऱ्या व्यापाऱ्याची टिके. लोक याला नशीब म्हणत.

हँडलनेही झाले नाही तर धक्का. धक्का-स्टार्टचे शास्त्र साधे आहे. किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन चाकांना फिरवण्याऐवजी चाके इंजिनाला फिरवतात. जुन्या डिझेल गाडीला तर ठिणगीही लागत नाही, नुसते इंजिन फिरले की पुरे. म्हणून ट्रकवाले आणि एस.टी.वाले गाडी नेहमी उतारावर लावीत. बॅटरी उतरते, तर गाडी उतारावर. भाषेने हा उपाय आधीच सांगून ठेवला होता. उतार नसला की प्रवासी उतरत. बाया आणि म्हातारी माणसे कडेला, बाकीचे गाडीच्या पाठीला. आमच्या भागात एका टोकाला ‘हं, ढकला’ आणि दुसऱ्या टोकाला ‘तळ्ळ्री’ असा गजर होई. सीमेच्या प्रश्नावर आदल्या रात्री कट्ट्यावर तावातावाने भांडलेली माणसे सकाळच्या गाडीला खांद्याला खांदा लावून ढकलताना मी पाहिली आहेत. त्यातून फार मोठा अर्थ काढण्याचे कारण नाही. सगळ्यांनाच कोर्टाच्या तारखेला वेळेवर पोहोचायचे असे.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचे इंजिन आडवे, चाके पुढची फिरणारी, त्यामुळे हँडल घालायला भोकच नाही. मोटारीचा आणि माणसाच्या दंडाचा संबंध तिथे सुटला. आताच्या गाड्यांत दार उघडण्यापासून किल्ली ओळखण्यापर्यंत सारेच विजेवर चालते, आणि ऑटोमॅटिक गिअरची गाडी ढकलून सुरू होतच नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबल टाकून सुरू करणे हाच काय तो मार्ग. तो करताना एक पथ्य पाळावे. शेवटची काळी केबल उतरलेल्या बॅटरीच्या टर्मिनलला न लावता दूर इंजिनाच्या लोखंडाला लावावी. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, आणि नेमक्या तिथेच ठिणगी पडली तर पेटी फुटून ॲसिड तोंडावर उडते. हे वर्गात सांगितलेले मुलांच्या लक्षात राहत नाही. एखादा फुटलेला नग दाखवला की जन्मभर राहते.

मधल्या काळातली बॅटरीची दुकाने हा एक स्वतंत्र संसार होता. काळ्या, कडक रबरी पेट्या; वर डांबराने बंद केलेले सहा खण, त्यांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या. एक खण शॉर्ट झाला तर मिस्त्री डांबर तापवून खरवडी, प्लेटांचा जुडगा वर काढी, वाईट प्लेटा बदली, शिसे वितळवून नवी पट्टी ओती. तुमची बॅटरी दोन दिवस चार्जिंगला लागे तेवढ्यापुरती भाड्याची बॅटरी मिळे. पावसाळ्यात गर्दी, लग्नसराईत त्याहून गर्दी. जिथे वीज पोहोचली नव्हती त्या गावांतून रेडिओच्या बॅटऱ्या सायकलच्या कॅरिअरला बांधून चार्जिंगसाठी तालुक्याला येत. पुढे १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा रविवार सकाळसाठी ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून काळ्या-पांढऱ्या टीव्हीला जोडण्याची युक्ती खेडोपाडी सर्वतोमुखी झाली. सोमवारी ट्रॅक्टर सुरू होत नसे, पण त्याचे कुणी मनावर घेत नसे.

आता मरण्याविषयी. बॅटरी वरचेवर पार उतरू दिली, किंवा उतरलेलीच महिनोन्‌महिने ठेवली, तर ते मऊ सल्फेट कडक खड्यांसारखे होते आणि मग चार्जिंगला दाद देत नाही. दर खेपेला प्लेटेवरचा लेप थोडा थोडा झडून तळाशी गाळ साचतो; गाळाची उंची प्लेटांना टेकली की तो खण कायमचा शॉर्ट. आणि हे काहीही झाले नाही तरी आतली शिशाची जाळी गंजतच असते, उन्हाळ्यात अधिक वेगाने. विजापूर, सोलापूर, गुलबर्ग्याच्या उन्हाने बॅटरी आतून पोखरलेली असते; थंडीच्या पहिल्या पहाटे, घट्ट झालेले ऑईल ढवळायला तिच्याकडून जास्त ताकद मागितली जाते आणि ती मान टाकते. दोष थंडीला लागतो, मारलेले असते उन्हाने. तीन ते पाच वर्षे हे तिचे सर्वसाधारण आयुष्य.

मेलेली बॅटरी फुकट जात नाही. साध्या मोटारीची बॅटरी चौदा-पंधरा किलोची, त्यातले निम्म्याहून अधिक शिसे. शिसे वितळवायला सव्वातीनशे अंश पुरतात, म्हणजे चुलीच्या वरची थोडी मोठी भट्टी. त्यामुळे जगात सर्वाधिक प्रमाणात पुन्हा वापरली जाणारी वस्तू कोणती, तर शिशाची बॅटरी. ऐकायला हे फार छान वाटते. प्रश्न आहे तो भट्टी कुठली, याचा. धूर गाळणारी यंत्रे बसवलेला परवानाधारक कारखाना महाग पडतो. गावाबाहेर, ओढ्याच्या काठी, रात्री पेटणारी भट्टी जुन्या बॅटरीला चार पैसे जास्त देते. तिथे पेटी कुऱ्हाडीने फोडतात, ॲसिड मातीत ओततात, प्लेटा उघड्यावर वितळवतात. ॲसिड एकटे जात नाही, शिसे घेऊन जाते. धूर एकटा जात नाही, तोही शिसे घेऊन जातो, आणि ते शेताच्या मातीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पोरांच्या खेळण्यावर बसते.

माझ्या ओळखीचे एक बॅटरीवाले मिस्त्री होते. हाताला अतिशय स्वच्छ, नजरेने ग्रॅव्हिटी सांगणारे. पन्नाशीच्या आत त्यांना वारंवार पोटशूळ उठे. पुढे उजवे मनगट लुळे पडले, हात उचलला की पंजा खाली लोंबे. हिरड्यांवर निळसर काळी रेघ होती. घरचे लोक ती मिश्रीची समजत. ते मिश्री लावीतच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. हेन्री बर्टन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८४० साली ती रेघ शिशाच्या विषाची खूण म्हणून लिहून ठेवलेली आहे. पोटशूळ, मनगट आणि रेघ, तिन्ही खुणा पाठ्यपुस्तकातल्या. मिस्त्री दुपारी भाकरी दुकानातच खात, शिसे ओतून झाल्यावर, हात पंच्याला पुसून.

ही गोष्ट काही नवी नव्हती. ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी १९१० पासून अमेरिकेतल्या शिशाच्या धंद्यांत दारोदार हिंडून कामगार तपासले, त्यांत बॅटरीचे कारखानेही होते. शिसे पोटात जाते त्याहून अधिक धूळ आणि धुरावाटे श्वासातून जाते, आणि कामगाराचे अस्वच्छ हात हे मालकांचे आवडते कारण अपुरे आहे, असे त्यांनी दाखवून दिले. १९१९ साली त्या हार्वर्ड विद्यापीठात अध्यापक झाल्या, तिथल्या पहिल्या स्त्री अध्यापक. कायदे हळूहळू झाले.

आणि इथेच केटरिंग पुन्हा भेटतो. स्टार्टरच्या यशानंतर तो जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख झाला. पेट्रोलचे इंजिन खडखडते, ही त्याची नवी डोकेदुखी होती. त्याच्या हाताखालच्या टॉमस मिजली याने ९ डिसेंबर १९२१ रोजी तोड काढली: पेट्रोलमध्ये चिमूटभर टेट्राएथिल लेड घालायचे. म्हणजे पुन्हा शिसे. ते विकण्यासाठी १९२४ साली जी कंपनी निघाली तिचा पहिला अध्यक्ष केटरिंग आणि उपाध्यक्ष मिजली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे येथे हे रसायन तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. काही दिवसांतच मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुऊन आणि तो हुंगून दाखवला. तो स्वतः आदल्याच वर्षी शिशाच्या बाधेमुळे विश्रांतीला जाऊन आला होता, हे त्याने सांगितले नाही. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनला परिषद भरली, हॅमिल्टनबाईंनी कडाडून विरोध केला, आणि तरीही पेट्रोलमधले शिसे चालू राहिले. भारतात ते २००० साली देशभर बंद झाले. जगातून शेवटी गेले ते २०२१ साली, अल्जीरियातून. एकाच माणसाच्या कार्यशाळेतून शिशाला मोटारीत शिरायला दोन दारे मिळाली. एक बंद व्हायला शंभर वर्षे लागली. दुसरे, बॅटरीचे, उघडेच आहे.

बंगळूरच्या एका संस्थेने १९९७ ते १९९९ या काळात देशातल्या मोठ्या शहरांतली मुले तपासली तेव्हा बारा वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात, डेसिलिटरमागे दहा मायक्रोग्रॅम या त्या वेळच्या धोक्याच्या पातळीहून अधिक शिसे निघाले. तेव्हा मोठा आरोप पेट्रोलवर होता. पेट्रोल स्वच्छ झाले, आकडे उतरले, पण उतरावे तितके नाहीत. २००७ च्या नोव्हेंबरपासून २००८ च्या मार्चपर्यंत आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये, डाकार शहराच्या एका वस्तीत, अठरा लहान मुले एकामागून एक मेली. प्रथम हिवताप वाटला. मागाहून कळले की तिथल्या बायका जुन्या बॅटऱ्यांतले शिसे वेचीत होत्या, वाळू चाळीत होत्या, आणि मुले त्या वाळूत खेळत होती. २०२० साली युनिसेफच्या अहवालाने जगातली ८० कोटी मुले, म्हणजे तीनांतले एक मूल, रक्तात पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे घेऊन वाढत असल्याचा अंदाज दिला. त्यांतली २७ कोटींहून अधिक भारतातली. मोठ्या कारणांत जुन्या बॅटऱ्यांच्या उघड्या भट्ट्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातल्या शिशाची निर्धोक अशी पातळी नाही. मुलांत ते बुद्धी कमी करते, आणि ती कमी झाल्याचे दिसत नाही. मास्तर म्हणतात, पोरगे अभ्यासात कच्चे आहे. अशा किती पोरांना मीही ‘कच्चे’ म्हटले असेल, ते मोजायला आता कुणाकडे रक्ताचे नमुने नाहीत.

कायदा आपल्याकडे आहे. २००१ साली बॅटऱ्यांविषयीचे नियम झाले. विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घ्यावी आणि ती नोंदणीकृत कारखान्यालाच जावी, असे त्यात सांगितले. २०२२ साली नवे नियम आले आणि जबाबदारी उत्पादकावर अधिक ठेवली. नवी बॅटरी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वळते करतो ते याच चालीतून. पण दारावर येणारा भंगारवाला शंभर-दोनशे जास्त देतो, आणि आपली मध्यमवर्गीय माणसे, नेमकी या शंभर-दोनशे रुपयांत व्यवहारचतुर होतात. बॅटरी त्याच्या हातगाडीवर चढली की तिचा पत्ता कुणाला लागत नाही. राज्याची हद्द ओलांडायलाही तिला पासपोर्ट लागत नाही. आमच्याकडे तर मैलभरावर एक राज्य संपून दुसरे सुरू होते, आणि एका राज्याच्या अधिकाऱ्याने हटकले तर भट्टी ओढ्यापलीकडे जाते.

१९ एप्रिल १८८१ रोजी ग्युस्ताव त्रूव्हे याने पॅरिसच्या एका रस्त्यावर तीनचाकी सायकलला प्लान्तेच्या जातीचे शिशाचे घट आणि छोटी मोटर बसवून ती चालवून दाखवली. विजेच्या मोटारीचा इतिहास तिथून धरतात. परवा ग्वाल्हेरला बहिणीकडे गेलो होतो तर स्टेशनातून बाहेर पडताच पाच-पन्नास ई-रिक्षांचा गराडा पडला. तीन चाके, छोटी मोटर, सीटखाली शिशाच्या चार बॅटऱ्या. आमचा रिक्षावाला बोलका होता. बॅटऱ्या रोज रात्री चार्ज करतो, चौघींचे मिळून वजन क्विंटलभर, आणि टिकतात किती, तर वर्षभर, फार तर थोडे जास्त. मग पुढे? ‘फिर क्या साहब, कबाड़ी आता है, चारों ले जाता है।’ मीटर नव्हता. वीस रुपये सांगितले होते, तेवढेच घेतले.